पान एकशे बारा

मंगळवारी संध्याकाळी, वाचनालयाच्या तळघरात,
भट्टीच्या खडखडाटाशेजारी
आम्ही नऊ जण, पुस्तकाच्या प्रती सात.
टॅलो क्रीकला तुटपुंज्यावर भागवायची सवय आहे.
त्या वर्षी शाळेच्या संघातसुद्धा अकराच पोरं होती,
बाकावर बदली म्हणून बसायला कोणी नाही.
पुस्तक त्याचंच.
खाण बंद, निम्मं गाव ओहायोला गेलेलं,
आणि ही अकरा पोरं अख्खा हंगाम खेळली,
हल्ल्यालाही तीच, बचावालाही तीच,
मध्यंतरात पाण्याच्या बादल्याही त्यांनीच उचलायच्या.
'सत्यकथा', मुखपृष्ठावर सोनेरी अक्षरांत.

मी ग्रंथपाल. विचारलं, कसं वाटलं?

ड्वेन प्रुइट म्हणाला, दोनदा रडलो.
तो लाकडाचा ट्रक चालवतो.
हे त्यानं दाराकडं बघत सांगितलं.

इर्मा कोवाल्चिक चिठ्ठ्या खोचून आली होती.
शेवटच्या सामन्याला पाऊस नव्हता, ती म्हणाली.
लेखकानं पाडला.
पोरांच्या अंगावर चिखल शोभतो ना.
मी फाटकावर तिकिटं फाडत होते,
माझे बूट कोरडे होते.

पाद्री टिलमन म्हणाले, चिकाटी.
थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, चिकाटी.
शब्द टेबलावर पडून राहिला
बिस्किटांच्या ताटलीशेजारी.
बिस्किटं संपली.

टेसा सतरा वर्षांची, शाळेच्या गुणांसाठी आलेली.
मुली कुठं आहेत? तिनं विचारलं.
पान चाळीसवर एक तुतारी वाजवते.
तिला नावसुद्धा नाही.

नावाचं निघालं तसा हॉलिस गँट खाकरला.
हा नदीपलीकडचा, बारा मैल गाडी हाकत आलेला.
मी म्हणजे ते 'धिप्पाड शत्रू',
पान अठ्ठ्याण्णव.
वजन माझं एकशे चाळीस पौंड, तेही बुटांसकट.
माझा बापही त्याच खाणीत होता.
डोंगर एकच,
आमच्या बाजूला तिचं दुसरं तोंड.

कोणी काही बोललं नाही.
भट्टी तेवढी बोलली.

मग व्हर्नानं पुस्तक उघडलं, चष्मा न लावता.
पान एकशे बारा:
'गुडघा निखळला, तरी लेनर्ड उठला, हसला
आणि पुन्हा रांगेत जाऊन उभा राहिला.'
हे खरं आहे, ती म्हणाली. तो हसला.
मी कुंपणाला धरून उभी होते, मी पाहिलं.
फक्त तो पूर्णविराम तिथं नाही.
त्यापुढं एकेचाळीस वर्षं आहेत,
रोज रात्री गरम पाण्याचा टॉवेल,
माडीवरून खाली आणलेला पलंग,
आणि लेकीच्या लग्नात
नाच सुरू झाला की आठवणारं तंबाखूचं निमित्त.
लिहिलंय छान. वाचून मीही रडले,
मग डोळे पुसून पाणी तापवायला ठेवलं.

कसा आहे आता? टेसानं विचारलं.
वर गाडीत बसलाय, व्हर्ना म्हणाली,
हीटर लावून.
तुमच्या पायऱ्या बावीस आहेत.

अकरा वर्षं मी इथं सभा घेते.
पायऱ्या कधी मोजल्या नव्हत्या.

कोट चढवून आम्ही सगळे वर गेलो.
वाहनतळावर बारीक बर्फ भुरभुरत होता
(हा खरा, इर्माला विचारा).
लेनर्डनं काच खाली केली.
ड्वेननं टोपी काढली, काय बोलावं सुचेना,
शेवटी म्हणाला, पुस्तक आवडलं.
मी नाही वाचलं, लेनर्ड म्हणाला,
डोळ्यांना बारीक अक्षर सोसत नाही.

मग त्याची नजर मागं गेली,
दिव्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसावर.
चौसष्ट नंबर, तो म्हणाला.
गँट. डावीकडून यायचास,
येण्याआधी खांदा पाडायचास.
हॉलिसनं दोन्ही हात गाडीच्या टपावर ठेवले
आणि खाली वाकला,
पुढचं आम्हाला ऐकू आलं नाही.

सूचनाफलकावर आज मी लिहिलं:
पुढची सभा तळमजल्यावर, बालविभागात.
खुर्च्या तिथल्या गुडघ्याएवढ्या आहेत.
लेनर्डला त्यातली चालायची नाही.
घरून एक आणीन म्हणते.